फ्रंट लोड मशीनचा कुबट वास आणि कपड्यांवर डाग, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही फोंड्याला राहतो, पाऊस सुरू झाल्यापासून मशीनमधून काढलेल्या कपड्यांना कुबट वास येतोय. इथल्या दमट हवेत कपडे लवकर वाळत नाहीत हे मान्य, पण वास ड्रममधून काढतानाच येतो म्हणजे दोष वाळवण्याचा नाही. दाराचं रबर बोटाने उलटून बघितलं तर घडीत काळा बुळबुळीत थर, केस आणि साबणाचा पांढरा गाळ, सगळं पुसलं, खालचा फिल्टर साफ केला, रिकामं मशीन ६० डिग्रीवर चालवलं, वास कमी झाला पण गेला नाही. सॉफ्टनरचा चिकट थर थंड पाण्यात सुटत नाही आणि त्यावर बुरशी धरते म्हणून तेही बंद केलंय.

दुसरं म्हणजे डाग. काळे ठिपके रबराचेच असणार, पण पांढऱ्या शर्टांवर तांबूस डागही पडतात आणि त्यांचा मला जास्त त्रास होतोय, कारण मुलांचे शाळेचे युनिफॉर्म आहेत. पाणी विहिरीचं आहे, बादलीत रात्रभर ठेवलं की तळाला तांबूस गाळ बसतो, म्हणजे लोहच. अशा डागांवर ब्लीच घातलं तर ते आणखी पक्के होतात, तेव्हा कृपया तो उपाय सुचवू नका.

विहिरीचं पाणी वापरणाऱ्या कुणी मशीनच्या आधी लोह काढणारा फिल्टर बसवलाय का, फरक पडला का? सायट्रिक अ‍ॅसिडने ड्रम धुतल्यावर रबर खराब होतं का? आणि ड्रम खोलून साफ करून घेण्यात अर्थ आहे का, साधारण किती खर्च येतो?