गटात बसवलं की सगळी शिकतात, की एकच शिकते?

तिसरीची बाई, सोलापूर पूर्व भाग:
परवा 62 वजा 38 घेतलं. निम्म्या वर्गानं 36 लिहिलं. आठातून दोन काढून मोकळे! फळ्यावर दोनदा 'दशक सुटा करा' समजावलं, पण उपयोग झाला नाही. मग पाच-पाच जणांना काड्यांचे गठ्ठे दिले. एक मुलगी शेजारच्याला म्हणाली, 'कट्ट विप्पु', म्हणजे गठ्ठा सोड. त्यानं रबर काढलं, काड्या सुट्या झाल्या आणि 24 आले. आमच्याकडे घरोघरी तेलुगू बोलतात. माझ्या मराठीला जमलं नाही ते तिच्या दोन शब्दांनी केलं. रोज एक तास तरी गटात जावा, हे माझं ठाम मत आहे.

पालक, अक्कलकोट रोड:
बाई, तळमळ कळते, पण आमचा अनुभव उलटा आहे. माझी मुलगी हुशार म्हणून कायम तीच गटप्रमुख. तक्ता ती करते, उत्तरही तीच सांगते. बाकीचे खडूंवरून भांडतात. आठ वर्षांच्या पोरीवर दुसऱ्यांना शिकवायचं ओझं का? आणि जो कच्चा आहे तो गटात लपतो. वहीत उत्तर बरोबर, घरी एकटा बसवला की कोरा.

निवृत्त गुरुजी, बार्शी:
पालकांशी सहमत. कायद्यानं पहिली ते पाचवीला 30 मुलांमागे 1 शिक्षक. पण द्विशिक्षकी शाळेत पट कमी असला तरी एकाकडे दोन-तीन वर्ग असतात. तिथं गट म्हणजे मास्तर दुसऱ्या वर्गावर असेपर्यंत पोरं गुंतवणं. पाढे तर ज्याचे त्यानंच म्हणावे लागतात.

चौथीचे सर, मोहोळ:
गुरुजी, दोष गटाचा नाही, कामाच्या वाटणीचा आहे. 1971 साली अमेरिकेत ऑस्टिनला गोरी, काळी, मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती, वातावरण तापलेलं होतं. मानसशास्त्रज्ञ एलियट अरॉन्सन यांनी धड्याचे तुकडे केले, प्रत्येकाकडे एकच. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होईना, आणि चाचणी मात्र ज्याची त्यानं द्यायची. मी उजनी धरण असंच घेतलं: एकाकडे भीमा, एकाकडे कालवे, एकाकडे सोलापूरचं पिण्याचं पाणी, एकाकडे रोहित पक्षी. कधी न बोलणारा मुलगा रोहितावर पाच मिनिटं बोलला.

पालक, अक्कलकोट रोड:
चाचणी ज्याची त्याची असेल तर माझा अर्धा आक्षेप मिटला. गटप्रमुखाचं काय?

तिसरीची बाई:
तिथं माझंही चुकतंय, दादा. हुशार मूल पुढं केलं की तास लवकर आवरतो, म्हणून मीही तेच करत आले. सोमवारपासून चिठ्ठ्या टाकते. पाढ्यांचं गुरुजींचं मान्य. वजाबाकी मात्र गटातच घेणार.