राकोशी व्हायपर: पैदास पुरे, आता गवताकडे वळा?

दर्भ:
हंगेरीतला राकोशी व्हायपर म्हणजे युरोपातल्या सर्वांत संकटग्रस्त विषारी सापांपैकी एक. लांबी जेमतेम दीड फूट, रंग राखाडी-तपकिरी, पाठीवरून गडद नागमोडी पट्टा. १८९३ मध्ये लायोश मेहेय यांनी याला नाव दिलं ते पेस्टजवळच्या राकोश मैदानावरून. ते मैदान बुडापेस्टनं केव्हाच गिळलं. ऑस्ट्रियातून हा साप पार नाहीसा झाला. हंगेरीत तो उरलाय दोनच भागांत, वायव्येकडचा हान्शाग आणि डॅन्यूब-तिसा नद्यांमधला किश्कुनशाग. शिवाय रुमानियात, ट्रान्सिल्व्हेनियातल्या क्लुजजवळ एक छोटी वस्ती आहे. हंगेरीत एका सापाचं कायदेशीर मोल दहा लाख फोरिंट (तिथलं चलन) धरलंय.

२००४ मध्ये तिथल्या पक्षी व निसर्ग संरक्षण संघटनेनं युरोपीय संघाच्या पैशातून किश्कुनशागमध्ये पैदास केंद्र उभारलं. सुरुवात रानातून आणलेल्या दहा प्रौढ सापांपासून झाली आणि २०१० पासून साप कुरणांत सोडले जाऊ लागले.

माझं मत स्पष्ट मांडतो. पैदास जमते हे आता सिद्ध झालंय. यापुढचा पैसा आणि माणूसबळ जमीन, गवत आणि पाणी यांवर जावं. ज्या कारणांनी साप संपला ती कारणं जागेवरच असताना पिंजऱ्यातला साप कुरणात नेऊन ठेवणं म्हणजे गळक्या माठात पाणी ओतणं. नांगरट, चर खणून पाण्याचा निचरा, वेगानं फिरणारी गवत कापायची यंत्रं, वाळलेलं गवत जाळणं, सगळं आजूबाजूला चालूच आहे.

खवले:
पूर्ण असहमत. गवत तयार केलं म्हणून हा साप आपोआप येत नाही. पक्षी उडून येईल, हा कुठून येणार? पूर्ण वाढलेली मादी आपल्या भागापासून फार लांब जात नाही. दोन कुरणांमध्ये नांगरलेलं शेत आलं की ती तिच्यासाठी भिंतच. म्हणजे गवत परत आणलेल्या प्रत्येक तुकड्यात साप हातानंच न्यावा लागणार.

दुसरं, रक्ताचं. २००२ मध्ये या सापांची तुलना युक्रेनमधल्या जवळच्या जातीच्या स्टेप व्हायपरशी केली गेली. हंगेरीतल्या सापांची आनुवंशिक विविधता फारच कमी निघाली. चुलत-मावसभावंडांत पिढ्यान् पिढ्या जोड्या लागल्या की मृत पिल्लं, व्यंग असलेली पिल्लं वाढतात. गवत कितीही उत्तम करा, हे त्यानं सुटत नाही. केंद्रात निदान कोणत्या नराची कोणत्या मादीशी जोडी लावायची हे वंशावळ बघून ठरवता येतं.

दक्षिण स्वीडनमधल्या स्मिगेहूकचा दाखला घ्या. तिथे साध्या व्हायपरची, म्हणजे अ‍ॅडरची, शेतांनी वेढलेली वस्ती अशीच खंगत चालली होती. १९९२ मध्ये बाहेरून वीस नर आणून सोडले आणि काही वर्षांनी त्यांतले उरलेले परत नेले. नंतर जगणाऱ्या पिल्लांची संख्या झपाट्यानं वाढली. कुरण तेच होतं, बदललं ते रक्त.

पाणलोट:
स्मिगेहूकला कुरण बिघडलेलं नव्हतं, म्हणून नुसतं रक्त बदलून भागलं. किश्कुनशागचं तसं नाही.

या सापाला सपाट कुरण चालत नाही, उंचसखल लागतं. फरक हात-दोन हातांचाच असतो, पण सगळं त्यावर ठरतं. उंचवट्यावरची जमीन कोरडी आणि वाळूमिश्रित. साप शीतनिद्रेला तिथे बिळांत उतरतो, कारण हिवाळ्यात आणि वसंतात सखल भागात पाणी साचतं. उन्हाळ्यात उलट होतं. उंचवट्यावरचं गवत करपतं, नाकतोडे आणि रातकिडे खाली ओलाव्याकडे सरकतात, साप त्यांच्या मागे जातो. सखल भागातलं पाणी चर काढून घालवलं, की उन्हाळी खाद्याची जागा गेली. भूजल खाली गेलं, की तेच हळूहळू होतं. डॅन्यूब-तिसामधल्या वालुकामय पट्ट्याचं भूजल गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून घसरतंय. मग साप सोडा किंवा सोडू नका, ऑगस्टमध्ये जन्मलेल्या पिल्लाला गिळता येतील एवढे बारके किडे मिळाले नाहीत, तर ते पहिला हिवाळा काढत नाही.

म्हणून माझा क्रम असा: आधी जुने चर बुजवा किंवा त्यांना बांध घाला, मग नांगरलेल्या जमिनीवर स्थानिक गवताचं बी पेरा, मग नाकतोड्यांची मोजणी करा. ती सलग काही उन्हाळे चांगली आली, तरच साप.

दर्भ:
पाणलोट यांनी नेमकं सांगितलं. त्यात कापणीची भर घालतो, कारण संरक्षित जमिनीवरही चूक होते ती इथेच.

गवत कापायचं चक्री यंत्र जमिनीपासून चार-पाच सेंटीमीटरवर फिरतं. आता मादी कुठे असते ते बघा. पिल्लं पोटात असतात तेव्हा ती सकाळी गवताच्या झुबक्यावर, नेमकी तेवढ्याच उंचीवर, वेटोळं करून ऊन खात असते. कापणीचा हंगाम आणि तिचा गाभणपणाचा काळ एकच, मे ते जुलै. यंत्र आलं तर ती पळत नाही, आहे तिथेच दबून बसते. या जातीला तीन-चार वर्षांनी वयात यायचं आणि पिल्लं दहाच्या आसपास. एक मादी कापली गेली तर पुढची दोन-तीन वर्षं गेली.

उपाय माहीत आहेत. पातं दहा सेंटीमीटरच्या वर ठेवा. कडेकडून आत नको, मधून बाहेर कापत या, म्हणजे जीव मध्ये कोंडत नाहीत. दरवर्षी काही पट्टे न कापता सोडा. सर्वांत उत्तम म्हणजे साप जमिनीखाली गेल्यावर, थंडीत कापा. पण थंडीतल्या गवतात चाऱ्याचं सत्त्व उरत नाही, शेतकऱ्याला भरपाई द्यावी लागते. पैसा हवाय तो तिथे.

तृणपाल:
कापणीपेक्षा गुरं बरी, पण मोजून. थोडी गुरं कमी वेळ चरली की झुबके राहतात, मधली जमीन उघडी पडते, ऊन आणि आडोसा दोन्ही मिळतं. जास्त चरली की कुरण हिरवळीसारखं सपाट होतं. तिथे साप वरून घारीला आणि जमिनीवरून बगळ्याला सारखाच दिसतो.

आणि शिकाऱ्यांबद्दल कुणीच बोललं नाही. कोल्हा, बॅजर, रानडुक्कर, शिकारी पक्षी, फेझंट हे सगळे हा साप खातात. डुक्कर तर शीतनिद्रेच्या जागाच उकरतं. वस्ती हजारांची असती तर हा निसर्गाचा भाग म्हणून सोडून दिलं असतं. पन्नास सापांच्या तुकड्यात एका बॅजरला चव लागली तर सगळंच संपलं. डुकरं आणि कोल्हे आटोक्यात ठेवल्याशिवाय सोडलेला साप टिकणं अवघड आहे. शिकारी पक्ष्यांना हात लावायचा प्रश्नच नाही, तिथे दाट झुबके हाच बचाव.

खवले:
पाण्याचं आणि कापणीचं मान्य. पण दर्भ, 'पैदास पुरे' यातला 'पुरे' मला अजूनही धोक्याचा वाटतो. सोडलेले साप टिकत नाहीत असं गृहीत धरलं जातंय ते कशावरून? हा साप दिसतच नाही. एप्रिलमधल्या गार, उन्हाच्या सकाळी, वारा नसताना दोन-तीन तास बरे असतात. ऊन तापलं की तो झुबक्याच्या पोटात शिरतो. नाही दिसला म्हणजे मेला, हा हिशेब चूक आहे.

म्हणून ओळख पटवणं महत्त्वाचं. प्रत्येकाच्या डोक्यावरच्या खवल्यांची मांडणी वेगळी असते. वरून सरळ फोटो काढून ठेवला, तर पुढे सापडलेला साप केंद्रातला की रानातला ते कळतं. रेडिओ ट्रान्समीटरही वापरता येतो, पण तो वजनाच्या पाच टक्क्यांच्या आत हवा. पन्नास ग्रॅमच्या सापाला अडीच ग्रॅम. एवढ्या लहान ट्रान्समीटरची बॅटरी किती दिवस पुरणार? मिळालेली माहिती तुटक असते, ती याचमुळे.

आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजकडे बघा. अभयारण्य १९७९ पासून आहे, माळ आहे, पण माळढोक अपवादानं दिसतो. माळढोकासाठी राजस्थानात पैदास केंद्र काढावं लागलं ते फार उशिरा, पक्षी फार थोडे उरल्यावर. हंगेरीनं निदान ते वेळेत केलं.

दर्भ:
नान्नजचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. माळढोकाला नुसतं अभयारण्य पुरलं नाही, कारण भोवतालची शेती आणि विजेच्या तारा बदलल्या. कुंपणाबाहेरची जमीन सांभाळली नाही.

तरीही 'पुरे' हा शब्द मागे घेतो. केंद्र बंद करू नये. वंशावळ टिकवण्यापुरत्या जोड्या ठेवाव्यात, हान्शाग आणि किश्कुनशागच्या रक्ताची सरमिसळ आधी केंद्रातच काही पिढ्या तपासावी. पण दरवर्षी ठरावीक आकडा सोडायचाच, हा दबाव नको.

पाणलोट:
मग अट लिहून ठेवा: ज्या तुकड्यात जुलैअखेर सखल भागाची माती मुठीत दाबल्यावर ओल लागत नाही, तिथे त्या वर्षी साप सोडायचा नाही.

खवले:
चालेल. पण त्या वर्षीचे साप केंद्रात अजून एक हिवाळा ठेवायचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरा.