विमानं वाढवून वणवे थांबणार नाहीत

वर एकांनी लिहिलंय की सरकारने पाणी टाकणारी आणखी विमानं घेतली की वणव्यांचा प्रश्न सुटेल. मला हे पटत नाही. विमान आगीचा जोर कमी करतं. ती पुरती विझवायला माणसांनाच जमिनीवर उतरून जाळरेषा, म्हणजे जळण्यासारखं सगळं काढून टाकलेला मोकळा पट्टा, काढावी लागते. सोसाट्याच्या वाऱ्यात तर विमान फारसं कामाचंच नसतं.

अमेरिकेत काय झालं बघा. १९१० च्या भीषण वणव्यांनंतर तिथल्या वनसेवेने प्रत्येक आग विझवायचीच, असं धोरण धरलं. १९३५ मध्ये नियमच केला: आज दिसलेली आग उद्या सकाळी १० च्या आत आटोक्यात यायला हवी. तिथल्या पाँडेरोसा जातीच्या पाइन वृक्षांच्या जंगलात दर काही वर्षांनी जमिनीलगतची हलकी आग पालापाचोळा साफ करून जायची. ती थांबली आणि सुक्या काड्या, पाइनच्या सुया थरावर थर साचल्या. खाली झुडपं दाटली. आता आग त्यांच्यावरून शिडी चढावी तशी थेट शेंड्याला भिडते.

२०१५ मध्ये या वनसेवेचा निम्म्याहून जास्त पैसा आगीवरच गेला. कमी पडला की प्रतिबंधाच्या, म्हणजे सुकं जळण आधीच कमी करण्याच्या, कामांतला पैसा उचलायचे, हे वर्षानुवर्षं चाललं. याचा मला खरंच संताप येतो. २०१८ मध्ये कुठे संसदेने आगीसाठी वेगळ्या निधीचा कायदा केला.

पोर्तुगालला तर २०१७ मध्ये शंभराहून जास्त माणसं गमवावी लागली, तेव्हा कुठे आगीवरच्या खर्चात प्रतिबंधाचा वाटा वाढला. न लागलेली आग कुणाला दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी पैसा मागणारेही कमीच असतात.