मदत हवी आहे: आईला मोतीबिंदू, काचबिंदू आणि मॅक्युलाची झीज, तिन्ही एकत्र. घरात काय बदल करू?

नमस्कार. आम्ही नाशकात पंचवटीत राहतो. आई ७६ वर्षांची. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे आणि दोन्हीकडे मॅक्युलाही (पडद्याचा मधला भाग) झिजलाय. उजवीकडे ओला प्रकार (पडद्याखालच्या रक्तवाहिन्या गळतात तो), त्यासाठी इंजेक्शनं चालू आहेत. त्याच डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं.

तेव्हापासून सगळे धरून चाललेत की आता आईला दिसणार. "लेन्स टाकली ना, मग मावशी ओळख का देत नाहीत?" असं विचारतात. धूसरपणा गेला, रंग उजळले, हे खरं. पण काचबिंदूने डोळ्याच्या नसेचं केलेलं नुकसान भरून येत नाही, आणि पडद्याचा मधला भाग झिजलाय तिथे नवी लेन्स तरी काय करणार? समोर बसलेल्या माणसाचे केस, कान दिसतात, चेहरा दिसत नाही. मॅक्युलाच्या पेशंटला सांगतात, थोडं कडेने बघा. आईची कडच काचबिंदूने खाल्लीय! मान इकडेतिकडे फिरवून ती या दोन्हींतून उरलेली, दिसणारी एखादी फट शोधत असते. ते बघून जीव तुटतो.

पांढऱ्या कपात दूध ओततो तेव्हा कप कुठे संपला ते कळत नाही. तांदूळ निवडणं सुटलं. उन्हातून काळारामाच्या गाभाऱ्यासमोर गेली की बराच वेळ नुसता अंधार. त्यात मूर्तीही काळी. गोदाघाटावर शेवटची पायरी चुकून दोनदा पडली, आता तिकडे जायचं नावच काढत नाही.

मला विचारायचंय:
थेंबांच्या दोन बाटल्या सारख्याच दिसतात, तिला स्वतःला ओळखता याव्यात म्हणून काय करता? हरिपाठ वाचण्यासाठी उजेडाचं भिंग वापरलंय का कुणी? आणि नाशकात लो व्हिजनची (चष्मा, ऑपरेशन करूनही कमी दिसतं त्यांची) तपासणी कुठे होते?

प्रतिसाद:
ताई, माझ्या सासऱ्यांचं असंच होतं. सकाळच्या बाटलीला रबरबँड लावा, रात्रीची कोरी ठेवा. दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर पहिलं वाहून जातं. पायरीच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवा, दुधाला गडद रंगाचा कप घ्या. भिंग विकत घेण्याआधी लो व्हिजनवाल्यांकडे डोळ्याला लावून बघा, आमचे पहिले पैसे वाया गेले. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. त्या प्रमाणपत्राची तपासणी सिव्हिलला होते. सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. आणि काचबिंदू घराण्यात उतरतो, तुम्ही भावंडांनी तपासून घेतलंत का?

धागाकर्ती:
रबरबँड आत्ताच लावला, आईने हात लावून बरोबर ओळखली. आम्हा भावंडांचं खरंच लक्षात नव्हतं. धाकट्या भावाला आजच फोन करते. लो व्हिजनचं नाशकातलं ठिकाण कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा.