जुनी एनझेडएक्सटी एच१ केस (कॉम्प्युटरची छोटी कॅबिनेट) घ्यावी का?

मिनीआयटीएक्स_नवखा: २०२० ची एच१ सेकंडहँड मिळतेय. ६५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि १४० मिमी लिक्विड कूलर आतच आहे. आगीच्या धोक्याचं प्रकरण मिटलं का? नेमकं काय तपासू?

राइझर_तपासनीस: दोष राइझर कार्डात (ग्राफिक्स कार्डला मदरबोर्डशी जोडणारा भाग) होता. ते चॅसीला (केसच्या सांगाड्याला) धरणारे दोन धातूचे स्क्रू सर्किट बोर्डात शॉर्ट करू शकत होते. कंपनीने आधी नायलॉनचे स्क्रू दिले, पण बोर्ड तोच राहिला. पुढच्या मालकाने पुन्हा धातूचा स्क्रू पिळला की धोका तसाच. म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे ३२,००० केसेसचा रिकॉल (सदोष माल दुरुस्तीसाठी परत बोलावणं) निघाला आणि सुधारित राइझर दिलं गेलं. तेव्हा ‘नायलॉनचे स्क्रू लावलेत’ यावर अजिबात भागवू नका. राइझर बदलल्याचा पुरावा मागा. नसेल तर कृपया प्लग लावूच नका.

बायोस_बहाद्दर: सहमत. शिवाय राइझर जेन ३ आहे, म्हणजे पीसीआयई या जोडणीच्या तिसऱ्या पिढीचं. जेन ४ ग्राफिक्स कार्ड लावल्यावर स्क्रीन काळी राहिली तर कार्ड काढा, प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर बायोस (मदरबोर्डची सेटिंग्ज) उघडा, स्लॉट ‘ऑटो’वरून जेन ३ करा, मग कार्ड परत बसवा. इंटेलच्या एफ मालिकेच्या प्रोसेसरमध्ये हा मार्ग नाही, कारण त्यात ग्राफिक्सच नसतं.