वॉकर नको, पैसे द्या. आणि तेही अट न घालता

हिशेबनीस (धागाकर्ता)
आमच्या उपनगरातल्या रुग्णसाहित्य केंद्राचा जमाखर्च मी बघतो. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: आजारी माणसाला घरी लागणारा पलंग, हवेची गादी, कमोडची खुर्ची, व्हीलचेअर असं सामान अनामत घेऊन, नाममात्र भाड्यानं देणारं केंद्र.

वर्षश्राद्ध जवळ आलं की फोन येतो, "आईच्या स्मरणार्थ व्हीलचेअर द्यायचीय, पाठीवर नाव घालाल ना?" घालतो. पण आज माळ्यावर वॉकर एकात एक अडकवून ठेवलेत आणि खाली हवेच्या गादीचा पंप बंद पडलाय, त्याच्या दुरुस्तीला पैसे नाहीत. गाळ्याचं भाडं, पलंग पोचवणारा टेम्पो, सामान धुऊन-पुसून ठेवणाऱ्या मावशींचा पगार, यावर कुणाचं नाव रंगवता येत नाही, म्हणून त्याला कुणी देत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. वस्तू देऊ नका. बँकेला स्थायी सूचना द्या, महिन्याला ५०० रुपये आपोआप जाऊ देत. वर्षाचे ६००० एकदम मिळाले तरी रक्कम तीच, पण भाडं दर महिन्याला भरावं लागतं आणि पुढच्या महिन्यात काय येणार हे माहीत असलं की जीव टांगणीला लागत नाही.

पाटीवाली
साफ असहमत. सासऱ्यांच्या नावाचा पलंग आम्ही दिलाय आणि त्याची मला अजिबात लाज नाही. तो पलंग ज्या घरात जातो तिथे येणारा-जाणारा पायाकडची पाटी वाचतो आणि विचारतो, हे केंद्र आहे कुठे? तुमच्या ५०० रुपयांची जाहिरात कोण करणार?

दुसरं म्हणजे विश्वास. एका संस्थेला आम्ही असेच "योग्य वाटेल तिथे वापरा" म्हणून पैसे दिले होते. वर्षाअखेर घरी गुळगुळीत कागदावरची रंगीत स्मरणिका आली, पानोपानी पदाधिकाऱ्यांचे फोटो. पलंग निदान डोळ्यांना दिसतो हो.

चौकस
@पाटीवाली, दिसतो म्हणजे वापरला जातो असं नाही. विश्वास हवा तर कागद मागा. सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असते, लेखापरीक्षित हिशेब तिथे जातात, परिशिष्ट १ वर, म्हणजे तिथल्या नोंदवहीच्या उताऱ्यावर, विश्वस्तांची नावं असतात. गेल्या वर्षीचा ताळेबंद मागितल्यावर चेहरा पडला, तर समजून जा. वारलेल्या विश्वस्ताचं नाव तसंच आणि नाव बदलायच्या फेरफार अर्जाचा पत्ता नाही, हे तर गावोगाव चालतं.

कायमठेव
दोघांचंही अर्धवट. दरमहा देणारा माणूस नोकरी बदलतो, खातं बदलतो, संपलं. कायम निधीला एकरकमी द्यावं, मुद्दल मोडू नये, व्याजावर केंद्र चालावं. माझ्या मृत्युपत्रात तशी तरतूद केली आहे.

हिशेबनीस
@कायमठेव, तरतुदीबद्दल आभार, पण घाई नको, शतायुषी व्हा. व्याजाचं गणित मात्र बसत नाही. लाखाच्या ठेवीवर ७ टक्क्यांनी वर्षाला ७००० मिळतात, म्हणजे महिन्याला ६०० सुद्धा नाही. मुद्दल तिथेच राहतं आणि गाळ्याचं भाडं दर करारात वाढतं. शिवाय कायम निधीसाठी म्हणून लेखी दिलेली रक्कम आम्हाला गादीच्या पंपाला वापरता येत नाही.

थोड्याथोड्यातूनच मोठं होतं हे काही माझं डोकं नाही. स्वदेशी उद्योगांसाठीचा पैसा फंड अंताजी दामोदर काळ्यांनी लोकांकडून पैशापैशानंच उभा केला.

पाटीवाली
वा, पैसा फंडाचं नाव काढलंत हे बरं झालं! त्या पैशांचं पुढे काय झालं? १९०८ साली तळेगावला काचकारखाना उभा राहिला. लोकांना बोट दाखवता येईल असं काहीतरी झालं. गाळ्याच्या भाड्यात जिरले असते तर आज तुम्हाला ते नाव आठवलं असतं का?

हिशेबनीस
आधी गोळा झाले, मग कारखाना निघाला. देणाऱ्यानं "माझ्या पैशाची बरणीच करा" अशी अट घातली नव्हती.

सनदीलेखापाल
भांडा सावकाश, पण करात फसू नका. देणगीवरची आयकर वजावट (८०जी म्हणतात ती) पैशांच्या देणगीलाच मिळते; पलंग दिलात तर पुण्य मिळेल, वजावट नाही. रोख २००० च्या वर दिलीत तर तीही नाही. नवी करप्रणाली घेतली असेल तर हा विषयच संपला. संस्थेकडून आयकरासाठीचं देणगी प्रमाणपत्र (१०बीई) मागा, नुसती पावती पुरत नाही.

आणि केंद्रवाल्यांनो, भिंतीवर क्यूआर चिकटवून मोकळे होता, पण देणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून घ्या. निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यात जे जास्त असेल त्याच्या वर गेल्या, तर वरच्या रकमेवर संस्थेला ३० टक्के कर बसतो.

सातासमुद्रापार
मी न्यू जर्सीत. माहेरच्या गावात असंच केंद्र आहे, त्यांना दरमहा पाठवायची तयारी आहे, पण ते नको म्हणतात. असं का?

सनदीलेखापाल
पासपोर्ट कुठला? भारतीय असेल तर तुमच्या स्वतःच्या कमाईतले पैसे परकीय देणगी धरत नाहीत. अमेरिकन असेल तर धरतात, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं) कार्ड असलं तरी. मग संस्थेला एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. त्या नोंदणीसाठी तीन वर्षांत १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो; गावातलं केंद्र कुठून दाखवणार? ते नको म्हणतात ते शहाणे आहेत. भावाच्या खात्यातून फिरवून द्या असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकून संस्थेला गोत्यात आणू नका.

टेम्पोवाला
मी अशा केंद्राचं सामान पोचवतो. सामान परत करताना बरेच जण अनामत तशीच सोडून जातात. देणगीचा हा मार्ग कुणी लिहिलाच नाही. प्रत्येकाला विचारायला पाहिजे, "ठेवू का देणगीत?"

पाटीवाली
विचारायला? पलंग बहुतेक वेळा घरातलं माणूस गेल्यावर परत येतो. काउंटरवर उभ्या असलेल्या मुलाला त्या क्षणी पैशाचं विचारणं मला तरी बरं दिसत नाही. स्वतःहून म्हणाला तर घ्या.

हिशेबनीस
इथे मात्र सहमत. आम्ही विचारत नाही.

सनदीलेखापाल
आणि स्वतःहून सोडणाऱ्यांनी देणगीची वेगळी पावती घ्यावी, अनामतीची पावती ८०जीला चालत नाही. अनामत २००० च्या वर आणि रोख भरलेली असेल तर ती आधी परत घ्या, मग चेकनं किंवा ऑनलाइन द्या.