साप समोर आला तेव्हा: बडोदेकरांचे अनुभव

पावसाळा लागला की विश्वामित्रीकाठच्या घरांत साप निघायला लागतात आणि दिसला की काठी उचलली जाते. आधी तो कोण आहे हे बघावं, एवढ्यासाठी हा धागा. साप कुठे दिसला, त्याने काय केलं, तुम्ही कशावरून ओळखलंत, ते लिहा. ऐकीव नको, स्वतः पाहिलेलं हवं.

समा
२०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात आमच्या जिन्यावर साप चढला. मान चपटी करून त्याने डोकं उचललं मात्र, "नाग, नाग" म्हणून एकच गलका! वरचे काका काठी घेऊन धावले. मी टॉर्च मारला. फण्यावर आकडा नाही, अंगभर चौकटीचौकटींची काळी नक्षी, डोळ्याखालून ओठाकडे उतरलेल्या दोन तिरक्या काळ्या रेघा. दिवड! बिनविषारी, पण चावरा, म्हणून कोणाला हात लावू दिला नाही. पाणी ओसरलं तसा गेला.

दांडिया बाजार
आमच्या जुन्या वाड्यात धामण होती. एकच होती की तिच्या पिढ्या, देव जाणे. आजी म्हणायची, "ती घरच्यांना ओळखते, पाहुण्यांसमोर यायची नाही." पुढे मी नीट लक्ष ठेवलं. आम्ही अनवाणी, सावकाश वावरायचो. पाहुण्यांची पोरं ओसरीवर धावायला लागली की ती जोत्याच्या भोकात पसार. सापाला बाहेरून कान नसतात, पण जमिनीची थरथर जबड्याच्या हाडातून त्याच्या आतल्या कानाला पोचते. आजीने पाहिलं होतं ते खरंच होतं, फक्त कारण निराळं.

वारसिया (साप सोडवायला जातो)
वरच्या अनुभवाला माझा दुजोरा. साप दुभंगलेल्या जिभेने हवेतले, जमिनीवरचे गंधकण उचलतो आणि टाळूतल्या इंद्रियाकडे पोचवतो. त्याचं जग बरंचसं तिथे ठरतं. मादीच्या वासाचा माग काढत नर येतो. एक साप मारल्यावर त्याच जागी दुसरा दिसला की लोक म्हणतात डूख धरला. माणसाचा चेहरा लक्षात ठेवून आलेला साप मला अजून भेटलेला नाही.

फोन गुजरातीत येतो. "काळोतरो" म्हणजे मण्यार. जाऊन बघावं तर बरेचदा गरीब कवड्या निघतो. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे फिकट होत जातात. मण्यारीचे उलट: डोक्याकडे पुसट, शेपटीकडे ठळक, बहुधा जोडीजोडीने. तरी अंधारात ठरवू नका. लांब राहा, नजर ठेवा, जाणत्याला बोलवा.

मांजलपूर
आमची नागपंचमी श्रावण शुद्धातली, शेजारच्या गुजराती बेनची वद्यातली. पूर्वी दोन्ही वेळा गारुडी टोपली घेऊन दारात यायचा. साप दूध पितो ते पाणी मिळालेलं नसतं म्हणून. मला ते बघवत नसे. आता आम्ही दोघी पाटावर गंधाने नाग काढतो, लाह्या वाहतो.

दवाखान्यात काम करते
डभोईकडचा एक तरुण पहाटे पोटदुखीने आला. शेतावर जमिनीवरच झोपला होता. सूज नाही, जखम दिसेना. घरच्यांना वाटलं जेवण बाधलं. थोड्या वेळात पापण्या जड झाल्या, घोट गिळवेना. ही मण्यार. झोपेत चावलेली कळतसुद्धा नाही. प्रतिविष दिलं, श्वासासाठी यंत्र लावावं लागलं, पोरगा वाचला. कृपा करून साप पकडून आणण्यात वेळ घालवू नका. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरही चालतं.

धागाकर्ती
घोणशीवर अजून कोणी लिहिलेलं नाही. पादरा, वाघोडियाकडे शेती असलेल्यांनी जरूर लिहा. कुकरच्या शिट्टीसारखा तो फुत्कार किती लांबून ऐकू आला, आणि पाठीवरच्या साखळीसारख्या ठिपक्यांवरून अजगराचं पिल्लू समजून कोणी जवळ गेलं होतं का, तेही सांगा.